ङ चं दुकान

सातपूरच्या एका बंद कारखान्याच्या भिंतीवर
पहिल्यांदा भेटला मला त्यांचा क,
‘कामगार पाहिजेत’ मधला.
कामगार गेले, पाहिजेतही गेलं,
पोपडे सांभाळत क तेवढा उभा.

मग शहरभर हिंडले.
रविवार कारंजावर एका शटरवरून ध उचलला,
भद्रकालीत डाळवाल्याच्या पाटीवरून ळ,
जिन्यातल्या ‘थुंकू नये’ मधला थुं,
ज्याच्यावर लोक थुंकलेच होते.
देवळालीच्या बेकरीचा ब
उन्हानं पोटात उकललेला.
नव्वद पाट्या, हात एकच.
कोपऱ्यात सही: के. रोकडे, पेंटर.
‘उधार बंद’ खालीसुद्धा रोकडे.
मी फुटपाथवर एकटीच हसले.

ते शिरोरेषा शेवटी ओढायचे.
सगळी अक्षरं आधी अधांतरी,
मग ब्रशात उरलेल्या रंगावर
एका दमात, डावीकडून उजवीकडे.
म्हणून ‘भांडार’च्या भां वर ती जाड, ओली
आणि र गाठेपर्यंत
केसाकेसांत फुटलेली.

फॉन्टमध्ये तसं होत नाही.
इथं प्रत्येक अक्षर
आपापला रेषेचा तुकडा घेऊन येतं,
पंगतीला आपापला पाट घेऊन यावं तसं,
आणि सगळी एकदमच सुकतात.
मी एकेकाची तीन रूपं केली:
भरलेलं, अर्धं, कोरडं.
तरी रंग संपल्यासारखा दिसेना.
संपायला तो आधी डब्यात असावा लागतो.

नाव ठेवलं रांगडा.
आता तो मिसळीच्या फलकावर आहे, तर्रीच्या रंगात.
गंगापूर धरणाकडच्या वाईनच्या बाटलीवर,
अंजनेरी चढणाऱ्यांच्या टी-शर्टांवर,
आणि एका बिल्डरच्या चाळीस फुटी होर्डिंगवर:
‘मातीशी नातं’, बारावा मजला.
सोबतच्या पत्रकात सूचना माझ्याच:
मोठा वापरा, लहान आकारात धूळ वाटते.
अक्षरं लांब लांब ठेवू नका, रेषा तुटते.
शोकपत्रिकेला नको.

तयार होताना एकच अक्षर अडलं होतं.
अख्ख्या नाशकात
ङ पासून सुरू होणारं काही विकायला नाही.
शेवटी पत्ता काढत जेलरोडला गेले.
कचेश्वर रोकडे दारात बसलेले,
उजवा हात मांडीवर,
दुसऱ्याचा सांभाळायला दिल्यासारखा.
मी फोनवर रांगडा दाखवला.
“कांद्यावरनं ठेवलं का नाव?”
मग बराच वेळ बघत राहिले,
अंगठ्यानं स्क्रीन पुसली, पुन्हा बघितलं.
“इतका फाटका कशानं झाला?
मी तर भरून दिला होता.”
लोकांना आता असाच आवडतो, म्हणाले मी.
“असेल. मी भरलेल्याचे पैसे घेतले.”

ङ मागितला तर म्हणाले,
“याचं दुकान कुठंय?”

तरी उठले. खिडकीतून एक जुना ब्रश काढला,
तांब्यात बुडवला
आणि डाव्या हातानं,
एप्रिलच्या दुपारी, तापलेल्या शहाबादीवर
पाण्याचा ङ काढला.
शिरोरेषा शेवटी.
ती आधी गेली, उजवीकडून.
मग कडा आत आत सरकल्या,
पोटात ब्रशाचे केस दिसले,
मला हवे होते तस्से.
फोन त्यांच्याच मांडीवर राहिला होता.
मागायला हात पुढे केला तोवर
टिंब तेवढं उरलं होतं,
फुगीर, चकाकतं.

घरी आल्यावर ङ मीच काढला, माउसनं,
आणि इतरांना लावला तोच खरवडा
त्यालाही लावला.
नकली आहे. ओळखू येतो.
कुणी टाइप करत नाही म्हणून चालून जातं.

टिंबाला मात्र हात लावला नाही.
सबंध फॉन्टमध्ये तेवढंच गुळगुळीत आहे.
अजून कुणा गिऱ्हाइकाची तक्रार नाही.